कोरडे घासलेले दात

माझे अक्षर वाईट आहे हे मला ठाऊक आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे याचा गोंधळ चौथीत होता, आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे तो तसाच राहिला. ओळीही सरळ येत नाहीत, वर चढतात. हे कागद कधी कोणाच्या हाती लागले तर त्याने चुकांसाठी रागावू नये, एवढीच विनंती. तसे कोणी वाचावे म्हणून मी लिहीत नाही. चार माणसे समोर बसली की माझा शब्द घशातच राहतो. लिहिताना समोर कोणी नसते. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहितात कशी हे कोणी शिकवले नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते.

मला माझ्या दातांबद्दल लिहायचे आहे. यात काय लिहायचे असे कोणालाही वाटेल. पण माझ्या आयुष्यात मला एवढा धक्का दुसऱ्या कशाने बसलेला नाही, आणि आज इतकी वर्षे झाली तरी सकाळी तोंड धुताना तो आठवतोच.

माझे माहेर खाडीकडचे, भातशेतीचे. तिथे आम्ही पोरे उठलो की बोटावर मीठ घ्यायचो, दातांवरून फिरवायचो आणि खळाखळा चुळा भरून मोकळे व्हायचो. आई ओरडायची, "पानी सांडू नको गो, विहीर काय घरात हाय?" दात घासायला यापेक्षा जास्त वेळ कोणी देत नसे.

लग्न करून मी आगाशीच्या पलीकडे, केळीच्या वाडीत आले. सासर माझ्यासारखेच ख्रिस्ती, पण धर्माचे फार कडक. सासूबाई रोज पहाटे मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जायच्या, ऊन असो की पाऊस. सून आली म्हटल्यावर सूनही जाणार. आणि त्या घरात मिस्साच्या आधी दात घासायची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिली नाही.

भाताचा तूस चुलीत जाळायचा, त्याची राख फडक्यातून चाळायची आणि तिच्यात मिठागरावरचे जाड मीठ कुटून घालायचे. हे सगळे एका डब्यात भरून चुलीमागे ठेवलेले असे. भांडी घासायची राख तीच, फक्त तिच्यात मीठ नसे. सकाळी उठून ही राख बोटावर घ्यायची आणि दात घासायचे. कोरडे. पाणी लावायचे नाही आणि चूळ तर अजिबात भरायची नाही. घासून झाले की जुन्या धोतराच्या फडक्याने दात पुसून काढायचे, हिरड्यांपासून टोकापर्यंत, करकर आवाज येईपर्यंत.

याचे कारण सासूबाईंनी मला पहिल्याच सकाळी सांगितले. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्साच्या वेळी फादर देतात ती पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून उपास. पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. "चूळ भरलीस आणि एक थेंब घशाखाली गेला, मग काय करशील? तशीच जाऊन जीभ पुढे करशील?" त्या काळी फादर ख्रिस्तप्रसाद जिभेवरच ठेवत. त्यामुळे तोंड स्वच्छ तर हवेच, पण पाण्याशिवाय. देवाला आपण घरात बोलावतो तेव्हा ओटी सारवतो ना, तसेच तोंडाचे, असे त्या म्हणायच्या. मला ते पटले. मी लाजाळू असले तरी देवासमोर तोंड उघडायचे म्हणजे ते चकचकीत असले पाहिजे असे मलाही वाटे.

आणि खरे सांगायचे तर दात फार छान दिसायचे. मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर बायका म्हणायच्या, "काय गो, मोती लावून आलीस काय?" मी पदर तोंडावर घ्यायची, पण आत बरे वाटायचे. माझ्या रंगाचे, उंचीचे कोणी कधी कौतुक केले नव्हते. दातांचे झाले. मग मी आणखी जोरात घासू लागले.

दोन मुले झाली, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मधल्या वर्षांत काही गोष्टी होत होत्या, पण मी त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. विहिरीचे गार पाणी प्यायले की समोरच्या दातांतून सुई गेल्यासारखी कळ यायची. आंबाड्याची भाजी खाताना डोळ्यांत पाणी यायचे. घासताना फडक्याला रक्त लागायचे. सासूबाई म्हणायच्या, "वाईट रक्त आहे, जाऊ दे." हिरडीपाशी नख लावले तर दातात खाच लागायची. वाटायचे, दात असेच असतील. दुसऱ्याच्या तोंडात नख घालून कोण बघतो?

एका रविवारी मिस्साहून येऊन आम्ही चहा घेत बसलो होतो. यांनी येताना बेकरीतून कडक पाव आणला होता. मी पावाचा तुकडा समोरच्या दातांनी तोडला. तोंडात कट्ट असा आवाज झाला आणि काहीतरी बशीत पडले.

हे लगेच उसळले, "पावात खडा! त्या बेकरीवाल्याला आता जाऊन दाखवतो." त्यांनी बशीतून तो खडा उचलला, बोटात धरून उजेडाकडे केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडले. मुलगी किंचाळली.

वरचा समोरचा दात हिरडीपासून तुटला होता. रक्त फारसे नव्हते, दुखतही नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. यांच्या तळहातावर तो दात पांढराशुभ्र, काचेसारखा पडला होता. कुठे काळा डाग नाही, कीड नाही. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"किडका नाही," त्या म्हणाल्या. "कसा पडला मग?"

मी पदर तोंडाला लावून आत गेले. देवाजवळ टांगलेल्या लहान आरशात पाहिले आणि माझेच तोंड मला ओळखू येईना. मी तिशीची होते. आरशात एक म्हातारी होती.

त्या वेळी आगाशीच्या बाजारात एकजण दात काढायला बसत असे. काचेच्या बरणीत काढलेले दात भरून ती समोर ठेवलेली असे, म्हणजे येणाऱ्याचा विश्वास बसावा. सोमवारी हे मला तिथे घेऊन गेले. त्याने काडीने माझे दात एकेक टोचून पाहिले. प्रत्येक दाताला मला कळ येत होती, पण मी आवाज काढला नाही.

तो यांच्याशीच बोलला, माझ्याशी नाही. "सगळे असेच कापले गेलेत, मुळाशी. आज एक गेला, उद्या दुसरा जाईल. एकेक काढण्यात खर्च जास्त. सगळे एकदम काढा, कवळी बसवून देतो. मरेपर्यंत बघायला नको."

यांना ते ठीक वाटले. यांच्या मनात वाईट काही नव्हते. आमच्या गावात चाळिशीच्या कितीतरी बायकांना कवळी होती. वाटेत मला म्हणाले, "माझ्या मावशीला बघ, कवळी किती शोभते. पावण्यांत सगळ्यांत छान हसते. आणि ते घासायचे झंझट नाही." त्यांनी गुरुवारचा दिवस ठरवूनही टाकला.

माझ्या तोंडातले सगळे दात गुरुवारी काढणार, हे मी ऐकले आणि नेहमीसारखी मान हलवली. घरी येऊन भात घातला, मुलांना वाढले. मला वाटत होते, आपण काहीतरी मोठे पाप केले असणार. एवढी स्वच्छता ठेवून कोणाचे दात असे जात नाहीत.

मंगळवारी मला विरारला जायचेच होते. मुलगी त्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणार होती, तिच्या पांढऱ्या झग्याचे कापड आणायचे होते. एसटीने स्टेशनापाशी उतरले, कापड घेतले आणि दुकानाच्या वर पाटी दिसली, दातांचा दवाखाना. मी खाली किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचे, तेही तुटलेले. पण त्या बरणीतले दात डोळ्यांसमोर आले आणि मी जिना चढले.

देवाची कृपा, डॉक्टर बाई होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला खुर्चीत बसवले, दिवा लावला, लहान आरसा तोंडात घातला, आणि बघताना त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ताई, दात कशाने घासता?"

मी सांगितले.

"राख? कसली राख? आणि रोज?"

"रोज. मिस्साच्या आधी."

"आणि किती जोर लावता?"

मी बोटाने हवेत करून दाखवले, आडवे, मागे-पुढे, जसे तांब्या घासतो तसे. त्यांनी डोक्याला हात लावला.

"तुमच्या दाताला कीड नाही लागलेली. एकही दात किडलेला नाही. तुम्ही ते घासून घासून खाल्लेत."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्यांनी मला हातात आरसा दिला आणि सुईसारख्या हत्याराने दाखवले. प्रत्येक दाताला हिरडीजवळ एक खाच, कोयत्याने झाडाच्या बुंध्याला घाव घालतात तशी. हिरडी वर सरकलेली, मुळाचा पिवळा भाग उघडा. समोरचा दात त्या खाचेतच मोडला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, दातावर वरून एक टणक पांढरा थर असतो. अंगात त्याच्यासारखे टणक काही नाही, पण तो एकदा झिजला की परत येत नाही. केस वाढतात, नखे वाढतात, हा वाढत नाही. हिरडीचेही तसेच, मागे गेली की आपणहून पुढे येत नाही. तुसाच्या राखेत बारीक कच असते, तिने काचेवरसुद्धा ओरखडे पडतील, आणि त्यात जाड मीठ. "आणि हे सगळे कोरडे! पाणी का नाही लावत?"

आता मला उपासाचे सांगावे लागले. त्या हिंदू, त्यांना ते कसे कळणार? अर्धे सांगितले, अर्धे गिळले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. ते तुमच्या फादरना विचारा. मला एवढे माहीत आहे की उद्यापासून ही राख तोंडाला लावायची नाही."

"गुरुवारी सगळे काढायचे आहेत," मी म्हटले.

"कोण काढणार? कशाला?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "हिरड्या झिजल्यात, पण दात घट्ट आहेत. एकही काढायचा नाही. मोडला त्याचे मूळ आहे, त्याच्यावर टोपी बसवता येईल. बाकीच्यांच्या खाचा भरता येतील. दात तुमचेच राहतील." मग त्यांनी खर्च सांगितला. ऐकून मी उठून उभीच राहिले. तेवढे पैसे घरात फक्त केळीचा माल गेल्यावर यायचे, आणि ते आधीच वाटले गेलेले असायचे.

बसमध्ये मी कापडाची पिशवी छातीशी धरून बसले होते. माझे दात मी खाल्ले. जे दाखवून मी खूश होत होते, तेच मी रोज थोडे थोडे घासून टाकत होते. ते पांढरेपण दात संपत आल्याचे होते.

घरी आले तर ओटीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या समोर माझी मुलगी तोंड वासून उभी होती. सासूबाईंचे बोट राखेने भरलेले. पहिला ख्रिस्तप्रसाद जवळ आला, आता तिला रीत शिकवायला हवी, म्हणून त्या तिचे दात स्वतः घासून देत होत्या. दुधाचे पडून नुकतेच आलेले मोठे दात. मुलीच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ होती.

"थांबा!" मी म्हटले.

एवढ्या वर्षांत मी सासूबाईंसमोर आवाज चढवलेला नव्हता. शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. सासूबाईंचे बोट तसेच हवेत राहिले.

"काय गो? काय झाले?"

मी मुलीला ओढून मागे घेतले आणि मग जे डॉक्टरबाईंनी सांगितले ते सगळे बाहेर आले, उलटसुलट, रडत. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरीण हिंदू. तिला आपला उपास काय ठाऊक? पोरीने पाणी प्यायले आणि पहिल्याच दिवशी उपास मोडला तर पाप कोणाच्या डोक्यावर?"

"फादरना विचारू," मी म्हटले.

"चल. आत्ताच चल. त्यांच्याच तोंडून ऐक."

त्यांना खात्री होती. पुढे त्या, मागे मी, माझ्यामागे मुलगी, अशा आम्ही देवळाशेजारच्या फादरांच्या घरी गेलो. फादर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाईंनी सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "फादर, तुम्हीच सांगा हिला. ख्रिस्तप्रसादाआधी पाणी चालते का?"

"चालते," फादर म्हणाले.

सासूबाई हसल्या. त्यांना वाटले फादर चेष्टा करतात.

"बाय, खरेच चालते. पाण्याने उपास मोडत नाही. हा नियम बदलून खूप वर्षे झाली. जेवणाचा उपासही आता आधीचा एकच तास. मी स्वतः रोज चूळ भरून, पाणी पिऊन वेदीवर येतो."

"तुम्ही? पाणी पिऊन?"

"मग काय, कोरड्या घशाने गाऊ?"

"आणि हे आम्हाला कोणी सांगायचे नाही?"

"सांगितले होते की. माझ्या आधीच्या फादरांनी वेदीवरून सांगितले, मीही सांगितले." ते जरा थांबले. "तुम्ही त्या दिवशी डोळे मिटून माळेवर रोजारी म्हणत असाल."

एरवी या वाक्यावर सासूबाईंनी फादरनाही सोडले नसते. त्या दिवशी सोडले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राग नव्हता, दुःखही नव्हते. घरात चोर शिरून गेल्यावर माणूस रिकामी पेटी बघतो, तसे त्या समोर बघत होत्या. परतीच्या वाटेवर त्या दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा एकच बोलल्या, "एवढी वर्षे?"

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावले. दार लोटले, माझ्याकडे पाठ केली आणि तोंडातली कवळी काढून हातात घेतली. त्यांना कवळी आहे हे घरात सर्वांना माहीत होते, पण काढलेली कोणी पाहिली नव्हती. बाळंतपणात दात गेले असे त्या सांगत. मग त्या माझ्याकडे वळल्या. गाल आत बसलेले, ओठ नुसती रेघ. मी खाली बघू लागले.

"बघ," त्या म्हणाल्या. आवाजही वेगळाच झाला होता. "माझेही असेच मोडले. मुळाशी. किडका एक नव्हता. तुझ्याएवढीच होते. बाळंतपणावर घातले, कारण दुसरे काही सुचले नाही. आणि नंतर तीच राख मी तुला दिली. आता पोरीला देत होते."

मी त्यांचा हात धरला. त्यात ती कवळी होती, तिच्यासकट धरला.

थोड्या वेळाने त्यांनी कवळी बसवली, तोंड पुसले, आणि त्या पुन्हा माझ्या सासूबाई झाल्या. खाटेखालची पेटी ओढली आणि कापडात बांधलेले पैसे काढले. ते कसले पैसे हे घरातल्या पोरांनाही ठाऊक होते. त्यांनी स्वतःच्या मरणासाठी साठवले होते, शवपेटीचे, बँडचे, मिस्साचे. कोणाच्या मेहेरबानीने पुरले जायचे नाही, असे त्या नेहमी म्हणत.

"हे घे. डॉक्टरिणीकडे जा."

"नको आई. हे तुमचे..."

"फुकट नाही देत. उसने देते. मी मरायच्या आत पुरे परत पाहिजेत. नाहीतर मला चटईत गुंडाळून नेतील आणि तू तुझ्या दातांनी हसत बसशील."

मी रडतही होते आणि हसूही आले. तुटक्या दातावर हात ठेवायचेही विसरले.

यांना सासूबाईंनीच सांगितले. हे म्हणाले, "पण गुरुवारचे त्याला सांगून ठेवलेय." सासूबाई म्हणाल्या, "मग तू जा. तुझे काढून घे." विषय तिथेच संपला.

त्या महिन्यात मी विरारला कितीतरी वेळा गेले. खाचा भरून झाल्या, मोडक्या दातावर टोपी बसली. शेजारच्या दातांपेक्षा ती जरा पिवळी आहे, पण अजून आहे. डॉक्टरबाईंनी मला ब्रश दिला, मऊ केसांचा, आणि कसा धरायचा ते दाखवले. मूठ आवळून नाही, पेन्सिल धरतो तसा चिमटीत. आडवा ओढायचा नाही. तिरका हिरडीवर टेकवायचा, लहान लहान गोल फिरवायचा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे आणायचा. पेस्ट वाटाण्याएवढी. आंबट खाल्ले असेल तर लगेच घासायचे नाही, आधी पाण्याने तोंड धुवायचे आणि थोडे थांबायचे.

मी सगळे लक्षात ठेवले आणि घरी येऊन तांब्या घासतात तसाच ब्रश चालवला. हाताला सवयच ती. पुढच्या खेपेला ब्रश पिशवीतून घेऊन गेले. त्याचे केस चारी बाजूंनी फाकलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा ब्रश आहे की केरसुणी? ताई, दात म्हणजे भांडी नाहीत. हात हलका करा, नाहीतर मी भरलेलेही झिजवून टाकाल."

हात हलका कर म्हणणे सोपे आहे. किती हलका, हे कसे कळणार? घासताना तर सगळे ठीकच वाटते. मग मला केळी आठवली. आमच्या माळ्यावर वेलची केळी पिकायला घातलेली असत. पिकलेल्या केळ्याला हात लावताना आम्ही सगळेच जपतो, कारण आज दाबले तर उद्या तिथे काळे पडते आणि व्यापारी घेत नाही. मी एक पिकलेले केळे घेतले, पडवीत बसले आणि त्याच्या सालीवर ब्रश फिरवला, दातांवर फिरवायचे तेवढ्याच जोराने. सकाळी बघितले तर केळ्यावर काळेकुट्ट पट्टे. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. हे मी रोज माझ्या हिरडीला करत होते, आणि तेही ब्रशने नाही, राखेने.

मग मी रोज एक केळे घेऊन बसू लागले. एकदा यांनी पाहिले. हातातली टोपली तशीच धरून उभे राहिले.

"आता केळ्यांचेही दात घासतेस काय?"

"हात हलका करते."

"मग माल जायच्या आधी सगळ्या घडांचे घास. व्यापारी दोन पैसे जास्त देईल."

पण केळी हळूहळू स्वच्छ राहू लागली. आधी पट्टे फिकट झाले, मग एके सकाळी साल जशी होती तशीच पिवळी होती. त्या दिवशी मी तोच हात दातांवर नेला. ब्रश लागतोय की नाही असे वाटत होते. एवढ्याने दात स्वच्छ होतात यावर विश्वास बसेना. जिभेने चाचपून पाहिले, तर दात गुळगुळीत. रक्त नव्हते. मुलीलाही केळ्यावरच शिकवले. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली, कारण तिच्या हाताला तांब्याची सवय नव्हती. धाकट्याने मात्र शिकायचे केळे दर वेळी खाऊन टाकले.

मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सकाळी मी तिला पडवीच्या कडेला नेले आणि तांब्याभर पाणी दिले. तिने ब्रश केला, चूळ भरली, मग माझ्याकडे बघून विचारले, "पिऊ?" मी मान हलवली आणि माझाच जीव वर आला. इतक्या वर्षांची भीती एका दिवसात जात नाही. ती घटाघट प्याली. मागे सासूबाई उभ्या होत्या, नवे लुगडे नेसून. त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, तोंडात पाणी घेतले, खूप वेळ खुळखुळवले आणि थुंकले.

"मला दात नाहीत," त्या म्हणाल्या, "पण चूळ तर माझीच आहे." आणि उरलेले पाणी उभ्याउभ्याच प्याल्या. मिस्साच्या आधी पाणी पिताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. पिऊन झाल्यावर त्या वर आभाळाकडे बघत राहिल्या, जणू आता काहीतरी होईल. काही झाले नाही. घंटा वाजली तेव्हा मीच म्हटले, "चला, उशीर होतो."

त्यांचे पैसे फेडायला मला फार दिवस लागले. यांच्याकडे मागायचे नव्हते, कर्ज माझ्या दातांचे होते. मी कोंबड्या वाढवल्या, बदके घेतली. नाताळच्या गोडधोडासाठी बदकाच्या अंड्यांना मागणी असते. आधी शेजारणीच्या हाती अंडी पाठवायची. मग एकदा ती आजारी पडली म्हणून मीच आगाशीच्या बाजारात बसले. भाव सांगायला तोंड उघडावे लागते. पहिल्या दिवशी पुटपुटले आणि लोकांनी स्वस्तात नेली. पुढे नीट बोलू लागले.

जमतील तसे पैसे सासूबाईंना द्यायची. त्या दर वेळी म्हणायच्या, "अजून मरता येत नाही म्हणजे." आजारी पडल्या की मला दुहेरी घोर लागायचा. एका पावसाळ्यात त्या तापाने फणफणल्या आणि मी त्यांच्या उशाशी बसून अंड्यांचाच हिशेब करत होते, त्याची लाज वाटली. पण त्या उठल्या.

शेवटची रक्कम मी दिली ती नाताळनंतर. त्या ओटीवर वाल सोलत होत्या. मी नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या, मग आत जाऊन पेटीतले सगळे काढून आणले आणि मला समोर बसवून पुन्हा पहिल्यापासून मोजले. पूर्ण भरले. माझ्याकडून एक पैसाही यायचा राहिला नव्हता.